स्थलांतराची कादंबरी आणि निवेदकाची भाषा

‘स्थलांतर’ हा शब्द अलीकडील मराठी समीक्षेत फार सैलपणे वापरला जातो. खेड्यातून शहरात जाणारा विद्यार्थी, धरणामुळे उठलेले गाव, परदेशी स्थायिक झालेले कुटुंब आणि ऊसतोडीला जाणारे जोडपे ही सर्व एकाच संज्ञेखाली बसविली, की विषयाची यादी तयार होते. परंतु यादी म्हणजे समीक्षा नव्हे. ज्यांच्याविषयी हा शब्द योजला जातो, त्यांच्या तोंडी तो सहसा आढळत नाही, ही गोष्टही ध्यानात घ्यावयास हवी. ते ‘जगायला गेलो’ किंवा ‘कमवायला गेलो’ असे म्हणतात. पहिल्या शब्दात स्थळाचा बदल आहे, दुसऱ्या प्रयोगात जाण्याचे कारण आहे. या दोन शब्दयोजनांमधील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय. स्थलांतरावरील कादंबरीची कसोटी तिच्यातील प्रवासाच्या लांबीवर ठरत नाही. जो गेला त्याची भाषा कथनात कोणत्या जागी उभी आहे, यावर ती ठरते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

सीमा ओलांडणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण महागाव परिसरातच मिळते. तालुक्याच्या दक्षिणेस पैनगंगा आहे व तिच्यापलीकडे नांदेड जिल्हा. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, तेव्हापासून 1947 पर्यंत या नदीच्या एका तीरावर इंग्रजी आणि दुसऱ्या तीरावर निजामी अंमल होता. 1956 मध्ये दोन्ही तीर द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. राज्ये बदलली, तरी सोयरिकी नदी ओलांडतच राहिल्या. ‘मले’ म्हणणाऱ्या घरात ‘मला’ म्हणणारी सून येते, तिची मुले दोन्ही रूपे बोलतात, आणि बोलीची रेषा राज्याच्या रेषेशी जुळत नाही. सरहद्दीचा अनुभव माणसाला प्रथम घरात, परस्परांना हाक मारण्याच्या पद्धतीत येतो. कादंबरीकाराला हे ऐकू आले पाहिजे.

या दृष्टीने पाहता, मराठीत देशांच्या सीमा ओलांडणारी महत्त्वाची कादंबरी म्हणजे विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (1939). युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंस आणि जर्मन ज्यू निर्वासित हॅर्टा यांची गाठ पडते. मुंबईला चक्रधर उतरतो. हॅर्टाला पुढे जावे लागते. या दोघांच्या संभाषणाची भाषा मराठी असणे शक्य नाही. म्हणजे वाचक जे वाचतो, ते वस्तुतः एका न लिहिलेल्या संभाषणाचे मराठी रूप असते. येथे एक अडचण उद्‌भवते. इंग्रजीत संबोधनाचे एकच सर्वनाम आहे. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतून निवड केल्यावाचून वाक्यच पुरे होत नाही. परक्या माणसांची जवळीक केव्हा झाली, हे इंग्रजीत अनुक्त राहू शकते. मराठीत ते क्रियापदाच्या प्रत्ययातच उघड होते. ज्यांना कुटुंब, देश व पारपत्र यांपैकी कशाचाच आधार उरलेला नाही, त्यांच्या नात्याला मराठी व्याकरण जागा देते. ‘रणांगण’ची आर्तता कथानकात आहेच, पण तिचा काही भाग या व्याकरणिक सक्तीतही आहे.

‘रणांगण’च्या दुसऱ्या टोकाला उद्धव शेळके यांची ‘धग’ (1960) ठेवता येईल. येथे समुद्र नाही, पारपत्र नाही. सासरचे एकत्र घर सोडून नवऱ्याला दुसऱ्या गावी नेऊन स्वतंत्र संसार मांडण्याचा हट्ट कौतिक धरते, एवढेच स्थलांतर. अंतर थोडे आहे. तरीही कुटुंबाची घडी विसकटण्यास ते पुरेसे ठरते, कारण तुटते ती जमीन नसून नात्यांची उतरंड आहे. महादेवाच्या दुबळेपणाला मोठ्या घरात जो आडोसा होता, तो नव्या गावी उरत नाही, आणि कौतिकच्या जिद्दीला साह्य करणारेही कोणी राहत नाही. या कादंबरीतील वऱ्हाडी संवादांची वाखाणणी पुष्कळ झाली आहे व ती रास्त आहे. परंतु संवाद वऱ्हाडी आणि निवेदन मुख्यतः प्रमाण मराठी, या विभागणीचा अर्थ मात्र पुरेसा तपासला गेलेला नाही. पात्रे एका भाषेत दुःख भोगतात आणि दुसरी भाषा त्या दुःखाचे वर्णन करते. अवतरणचिन्ह ही येथे एक सीमाच बनते. ‘धग’मध्ये शेळक्यांची सहानुभूती इतकी खोल आहे, की ही सीमा वाचकाला जाचत नाही, पण त्यांच्यानंतर हाच घाट अनेकांनी सोयीचा साचा म्हणून स्वीकारला, आणि बोली ही पात्रांच्या गरिबीची खूण होऊन बसली.

ही सीमा पुसण्याचे दोन प्रयत्न 1963 या एकाच वर्षी झाले. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त खानदेशातील सांगवीहून पुण्यास गेलेला पांडुरंग स्वतःच निवेदक आहे. तो हरून गावी परततो. परंतु त्याचे हरणे सांगावयास दुसरा कोणी येत नाही. शहरात ऐकलेली औपचारिक मराठी तो उचलतो, वाकवितो, तिची थट्टा करतो. येथे स्थलांतरिताची भाषा अवतरणचिन्हातून बाहेर पडते. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतही निवेदक ‘मी’ आहे. रेल्वेतील नोकरीसाठी परगावी आलेला हा तरुण आपली जात लपवितो आणि उघडकीस आल्यावर मार खातो. नव्या गावात माणसाला नाव, आडनाव आणि मूळ गाव विचारले जाते; हे प्रश्न सभ्य वाटतात, पण त्यांमागे बहुधा एकच प्रश्न असतो. स्थळ बदलले म्हणजे सामाजिक ओळख मागे राहते, ही स्थलांतराविषयीची आशा बागुलांच्या कथेत मोडून पडते. पांडुरंगाला परतण्यासाठी गाव आहे, घर आहे, वडिलांची शेती आहे. बागुलांच्या निवेदकापाशी यांपैकी काहीच नाही. दोघेही ‘मी’ म्हणतात. पण त्या सर्वनामाचे वजन सारखे नाही.

गौरी देशपांडे यांच्या ‘तेरुओ आणि कांही दूरपर्यंत’ या पुस्तकात परदेशी जाणारी सुशिक्षित स्त्री स्वतः बोलते, आणि जावयाचे की नाही याची निवडही तिच्या हाती असते. उलट, विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’त (1991) धरणग्रस्तांचे अख्खे गावच उठते, आणि त्यात कोणाची निवड अशी नसतेच. या दोहोंना एकाच विषयसूत्रात गोवणाऱ्याने निदान एवढे तरी सांगावयास हवे, की निवड असणे व नसणे यांमुळे निवेदनाचा स्वर कसा बदलतो.

आता ज्या स्थलांतराचे आपण शेजारी आहोत, त्याकडे वळू. दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रातील कोरडवाहू भागांतून ऊसतोडीसाठी माणसे निघतात. मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ फेडण्यासाठी उन्हाळा लागेपर्यंत ती कारखान्यांच्या फडांवर राहतात. आमच्या भागातील बंजारा तांड्यांतूनही अशी माणसे जातात. या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. विवाहाचे नाते एका हत्याराच्या नावात मावते, एका एकवचनी नामात दोन माणसे लुप्त होतात, आणि सोबत नेलेले मूल तर या मोजणीत येतच नाही. कुटुंब व स्थलांतर यांच्या संबंधावर याहून अधिक बोलका शब्द मराठीत क्वचितच सापडेल. तो कोणा लेखकाने बनविलेला नाही.

हेच जोडपे आपल्या मुलांशी गोरबोलीत बोलते. आईला ‘याडी’ म्हणणारे मूल फडावर एक मराठी ऐकते, शाळेत दुसरी, आणि परत आल्यावर तिसरी. पुसदच्या पंजाबराव चव्हाणांचे ‘याडी’ किंवा आत्माराम राठोडांचे ‘तांडा’ या आत्मकथनांनी हे शब्द मुखपृष्ठावर आणले, हे त्यांचे ऋण आहे. त्यांच्याही आधी लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (1980) भटक्या कैकाडी जीवनाला निवेदकाचे स्थान मिळवून दिले होते. परंतु आत्मकथनात ‘मी’ अपरिहार्य असतो. कादंबरीत तो निवडावा लागतो. ती निवड करताना आपला नवा लेखक बहुधा पुन्हा जुन्या साच्याकडे वळतो: मजुरांच्या तोंडी बोली आणि त्यांच्याविषयी प्रमाण मराठी.

यावर असा आक्षेप येईल, की संपूर्ण निवेदन बोलीत केल्यास वाचक दुरावेल, आणि केवळ बोली वापरल्याने कोणतीही कृती श्रेष्ठ ठरत नाही. आक्षेपाचा उत्तरार्ध निर्विवाद मान्य आहे. बोलीचे प्रदर्शन हाही एक कृत्रिमपणाच होय. पूर्वार्ध मात्र तितकासा टिकत नाही. वाचक अपरिचित शब्द संदर्भाने शिकतो. बोटीवरचा परका प्रवास मराठी वाचकाने आपलासा केला, तर शेजारच्या तांड्याची भाषा त्याला दुर्बोध का वाटावी? मुद्दा निवेदन संपूर्ण बोलीत असण्याचा नाही. मुद्दा असा, की ज्याने सीमा ओलांडली, त्याला स्वतःच्या ओलांडण्याचा अर्थ लावण्याचा अधिकार कथनात मिळतो की नाही.

हा प्रश्न पदव्युत्तर वर्गांत केवळ तात्त्विक राहत नाही. घरी गोरबोली किंवा वऱ्हाडी बोलणारे विद्यार्थी या वर्गांत बसतात, आणि त्यांतील काही लिहितातही. बोली संवादापुरती ‘जिवंत’ आणि निवेदनासाठी ‘अपुरी’, असे आपली समीक्षा त्यांना नकळत शिकवीत असेल, तर तुम्ही पात्रे होऊ शकाल, लेखक नव्हे, असेच ती त्यांना सांगत आहे. म्हणून स्थलांतरविषयक कादंबऱ्यांच्या अभ्यासात प्रत्येक कृतीबाबत तीन गोष्टी नोंदविल्या जाव्यात, असे सुचवावेसे वाटते: निवेदक कोणती भाषा बोलतो, घरातील माणसे एकमेकांना कोणत्या शब्दांनी हाक मारतात, आणि परगावी गेल्यावर त्या हाकांपैकी कोणती बंद पडते. विषयांच्या यादीहून ही नोंद अधिक कष्टाची आहे. परंतु पैनगंगेच्या या काठावरून ती करावयास आपल्याइतके जवळ दुसरे कोणी नाही.