‘ऑन एनी संडे’: आवाज, धूळ आणि रविवार

मोटरसायकल शर्यतींवरचा सिनेमा म्हणून ‘ऑन एनी संडे’ लावावा, तर पडद्यावर आधी येतात त्या सायकली. कॅलिफोर्नियातली शाळकरी पोरं मातीच्या चढउतारांवर सायकली दामटतायत आणि तोंडानं इंजिनाचे आवाज काढतायत. ब्रूस ब्राउनच्या 1971 च्या या माहितीपटातली पुढची मोठी माणसंही हेच करणार आहेत, फक्त त्यांचा आवाज खरा असेल. टू-स्ट्रोक मोटोक्रॉसच्या सोन्याच्या दिवसांची आठवण काढणारे या सिनेमाकडे पुन्हा पुन्हा का वळतात, ते या सुरुवातीतच कळतं.

ब्राउननं दोन माणसं समोरासमोर ठेवली आहेत. मर्ट लॉविल हा 1969 चा अमेरिकन विजेता. हार्लेवर एक नंबरची पाटी लावून तो 1970 चा मोसम खेळतो. गाड्या घेऊन गावोगाव फिरतो, इंजिन उघडतो, जोडतो, आणि ऐन शर्यतीत काहीतरी तुटतं. पाटी शेवटी जातेच. दुसरा माल्कम स्मिथ. हा हुस्कवर्नावर, म्हणजे टू-स्ट्रोकवर. वाळवंट असो, एल्सिनोर गावातली धुळीची शर्यत असो की स्पेनमधली सहा दिवसांची कसोटी, त्याच्या चेहऱ्यावर एकच हसू. लॉविलची शर्यत पोटाची आहे, स्मिथची हौसेची. ब्राउन हे बोलून दाखवत नाही, तो नुसतं दृश्यांना दृश्य जोडत जातो. बाकी त्याचं निवेदन कधीकधी फाजील बोलकं होतं. काही विनोद कापले असते तर बरं झालं असतं.

मोटोक्रॉसचा भाग मात्र आवाज बंद करून एकदा बघावा. संथगतीत मागचं चाक मातीची ढेकळं उडवतं, गाडी उंचवट्यावरून सुटते, स्वार हवेत पायांवर उभा असतो. मग आवाज लावावा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दर फेरीला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, म्हणून इंजिन हलकं आणि घरच्या पान्यांनी उघडण्याजोगं. ताकद मात्र उशिरा येते. खालच्या आरपीएमला मेंगळट वाटणारी गाडी वळणातून निघताना एकाएकी भडकते आणि पुढचं चाक उचलू बघते. तो क्षण ओळखून क्लच सांभाळणं हीच कला. आपल्याकडे पंपावर पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल टाकून घेतलेल्या, आरएक्स-100 चा कान पिळलेल्या पिढीला हे समजावून सांगावं लागणार नाही.

सिनेमातला सर्वांत बोलका भाग मला एल्सिनोरचा वाटतो. हजारावर स्वार, गावचे रस्ते, मग माती, आणि त्या गर्दीत हार्वे मशमन हे खोटं नाव लावून उतरलेला स्टीव्ह मॅक्वीन. हॉलिवूडचा एवढा मोठा नट, या सिनेमाला पैसा उभा करणारा, पण धुळीत तो फक्त एक हेल्मेट. जगज्जेता आणि हौशी पोरगा एकाच जातीच्या गाडीवर बसू शकत होते, ही त्या काळाची खरी श्रीमंती. नंतर कारखान्यांच्या खास गाड्या आल्या, तेव्हा दोघांतलं अंतर वाढत गेलं.

शेवटी लॉविल, स्मिथ आणि मॅक्वीन समुद्रकाठच्या वाळूत गाड्या पळवतात. ना घड्याळ, ना बक्षीस. अनेकांना हा भाग गोडगोड वाटतो. मला तो लॉविलसाठी हवा आहे: वर्षभर हिशेबाने जगलेला तो माणूस इथे पहिल्यांदा रिकामा दिसतो.

गंमत सिनेमाच्या बाहेर घडली. होंडाच्या संस्थापकांचा ओढा फोर-स्ट्रोककडे. तरी मोटोक्रॉससाठी होंडाला टू-स्ट्रोक काढावी लागली आणि 1973 च्या सीआर-250 एम ला नाव मिळालं ‘एल्सिनोर’. त्याच वर्षी गॅरी जोन्सनं तिच्यावर अमेरिकेचं 250 चं विजेतेपद मिळवलं. पुढची पंचवीस वर्षं हे मैदान टू-स्ट्रोकचंच राहिलं. 1998 मध्ये डग हेन्रीनं यामाहाच्या वायझेड-400 एफ या फोर-स्ट्रोकवर तेच विजेतेपद जिंकलं, आणि दहा वर्षांच्या आत होंडानं सीआर बनवणं थांबवलं. नव्या गाड्या अधिक आज्ञाधारक आहेत, हे मान्यच. पण त्यांचा आवाज तोंडानं काढणारं पोर मी अजून पाहिलेलं नाही.