सोडलेले घर आणि सुटलेले घर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात थोडी थट्टा असते आणि थोडी कणवही असते. एका जागी न टिकणाऱ्या माणसाविषयी स्थिर संसाराच्या मनात असलेली शंका त्या म्हणीत साठवलेली आहे. मराठीने आणखी एक सूक्ष्म भेद जपून ठेवला आहे. 'घर सोडले' असे म्हणताना कर्ता माणूस असतो. 'घर सुटले' असे म्हणताना माणूस नुसता साक्षी उरतो. जे घडले ते एकच, परंतु एका क्रियापदात निश्चय आहे आणि दुसऱ्यात नियती. ज्या दोन कलाकृतींविषयी येथे लिहावयाचे आहे, त्यांचे सारे मर्म या दोन क्रियापदांमधल्या अंतरात दडलेले आहे, असे आम्हांस वाटते.

पहिली कृती म्हणजे जेसिका ब्रूडर या अमेरिकन पत्रकर्तीचे 'नोमॅडलँड' हे २०१७ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक. दुसरी, त्याच पुस्तकावर आधारलेला आणि तेच नाव धारण करणारा क्लोई झाओ यांचा २०२० सालचा चित्रपट. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला 'गोल्डन लायन' मिळाला. २०२१ साली उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनेत्री असे तीन ऑस्कर त्याने पटकावले. विषय असा की, उतारवयातली माणसे राहते घर टाकून मोटारीत, व्हॅनमध्ये किंवा मोटारीमागे ओढावयाच्या छोट्या घरात कायमची राहावयास जातात आणि हंगामी कामाच्या मागे देशभर फिरतात. चाकांवरच्या अशा घराला तिकडे 'आर.व्ही.' म्हणतात. सुटी घालविण्यासाठी ते वापरणारे पुष्कळ आहेत. येथे प्रश्न आहे तो परतण्यासाठी घर न ठेवता त्यातच राहणाऱ्यांचा.

अमेरिकन साहित्याला हा रस्ता नवा नाही. जॉन स्टाइनबेक यांनी १९३९ साली 'द ग्रेप्स ऑफ राथ'मध्ये जमीन गमावलेले एक शेतकरी कुटुंब जुन्या मालमोटारीत घालून कॅलिफोर्नियाकडे धाडले. त्याच लेखकाने १९६० साली स्वतः एका मालमोटारीवर छोटे घर बांधवून घेतले, त्याला डॉन किहोतेच्या घोड्याचे नाव दिले, आणि सोबत कुत्रा घेऊन तो देश पाहावयास निघाला. पहिल्या प्रवासात घर सुटले होते. दुसऱ्यात ते वाट पाहत मागे उभे होते. दोन्ही ठिकाणी चाके तीच, रस्तेही बहुधा तेच. माणसाच्या खिशात परतीच्या घराची किल्ली आहे की नाही, एवढ्यावर प्रवासाचा अर्थ पालटतो.

ब्रूडर यांनी हे पुस्तक दुरून लिहिलेले नाही. सुमारे तीन वर्षे त्या या लोकांच्या मागे हिंडल्या, स्वतः व्हॅनमध्ये राहिल्या, त्यांची कामेही करून पाहिली. त्यांच्या लेखनाचे बळ हिशेबात आहे. घर ठेवावे की टाकावे हा प्रश्न तेथे तत्त्वज्ञान म्हणून येत नाही. तो वहीतल्या जमाखर्चाच्या दोन रकान्यांत येतो. एका बाजूला घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता, वीज, औषधे. दुसऱ्या बाजूला निवृत्तीचे तुटपुंजे वेतन. २००८ सालच्या आर्थिक कोसळीत कित्येकांची घरे आणि आयुष्याची पुंजी गेली. ज्या खर्चाला कात्री लावता येते असा सर्वांत मोठा खर्च घर हाच आहे, असे त्यांच्या ध्यानी आले. मग त्यांनी घरच वजा केले.

या पुस्तकाची नायिका म्हणता येईल अशी लिंडा मे ही साठी ओलांडलेली बाई आहे. तिने दोन मुली वाढविल्या, नाना प्रकारची कामे केली, एके काळी तर बांधकाम-निरीक्षक म्हणूनही नोकरी केली. उतारवयात मुलीच्या दाटीवाटीच्या घरात तिच्या वाट्याला कोच आला. निवृत्तिवेतन महिन्याला सुमारे ५०० डॉलर. ती बाहेर पडली ती जेमतेम १० फुटी घर जीपमागे बांधून. शिबिराच्या जागांची देखभाल, संडासांची सफाई, नाताळच्या हंगामात ॲमेझॉनच्या गोदामात वस्तू हुडकण्याचे काम, असे तिचे वर्ष सरते. आणि हे सारे कशासाठी? तर घर बांधण्यासाठी! टाकून दिलेले टायर, बाटल्या आणि माती यांनी उभारलेले, कोणाचे उपकार न घेणारे एक घर तिला हवे आहे. त्यासाठी ती मेक्सिकोच्या सीमेजवळ जमीनही घेते. घर सोडलेली बाई घराच्याच दिशेने चालली आहे, ही या पुस्तकातली सर्वांत हृद्य गोष्ट होय. घर सुटले तरी घराची आस सुटलेली नाही.

झाओ यांनी चित्रपटासाठी लिंडा मे हिला बाजूस ठेवले असे नव्हे. ती, स्वँकी, बॉब वेल्स ही खरी माणसे पडद्यावर आपापल्या नावानिशी वावरतात. परंतु मध्यभागी आली ती फर्न, ही कल्पित विधवा. फ्रान्सेस मॅकडोर्मंड यांनी ती भूमिका केली आहे. फर्न नेवाडातल्या एम्पायर या गावची. हे गाव मात्र खरे. भिंतीसाठी जिप्समचे तक्ते तयार करणाऱ्या कारखान्याने ते वसविले, घरेही कारखान्याच्याच मालकीची होती. घरबांधणी मंदावली, तक्त्यांची मागणी घटली आणि ८८ वर्षांनंतर, ३१ जानेवारी २०११ रोजी, कारखाना बंद पडला. काही महिन्यांत त्या गावाचा टपाल-क्रमांकही रद्द झाला. इतरांच्या घरांच्या भिंती ज्यांनी घडविल्या, त्यांच्याच डोक्यावरचे छप्पर गेले. हा विरोध चित्रपट उच्चारून दाखवीत नाही. आरंभीच्या दोन ओळींच्या निवेदनात तो मुकाट ठेवून दिला आहे, ही दिग्दर्शिकेची समज.

म्हणजे फर्नने घर सोडले नाही, ते सुटले. ते कधी तिचे नव्हतेच. मग तिचा निर्णय कोणता? आमच्या मते चित्रपटाचा खरा कस येथे लागतो. निर्णय घेण्याची पाळी तिच्यावर नंतर येते, आणि ती दोनदा येते. व्हॅन बिघडते, दुरुस्तीला पैसे नसतात, तेव्हा ती बहिणीकडे जाते. बहीण पैसे देते आणि राहण्याचा आग्रहही करते. पुढे रस्त्यावरचा सोबती डेव्ह नातू झाल्यामुळे मुलाच्या घरी परततो, तेथे तो तिला कायमचे येण्यास सुचवितो. बाप-लेक एकत्र पियानो वाजवीत बसतात, टेबलावर भरपूर अन्न आहे, पाहुण्यांच्या खोलीत मऊ बिछाना आहे. त्या बिछान्यातून फर्न रात्री उठते आणि बाहेर उभ्या असलेल्या आपल्या व्हॅनमध्ये जाऊन झोपते. पहाटे कोणालाही न उठविता ती निघून जाते. 'सुटले' या क्रियापदाचे 'सोडले' होते ते या क्षणी. मॅकडोर्मंड यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी ना अभिमान दिसतो, ना अश्रू. रिकाम्या जेवणाच्या टेबलापाशी त्या क्षणभर थांबतात, एवढेच.

ती का जाते? पतीला आईवडील ठाऊक नव्हते, मूलबाळ झाले नाही. ती गाव सोडून गेली असती तर तो कधी होता याची खूणच उरली नसती, असे ती एका ठिकाणी सांगते. व्हॅन ही तिच्या लेखी त्या संसाराची अखेरची खोली आहे. दुसऱ्याच्या घरी पाहुणी होऊन राहिली तर ती खोलीही मिटेल. हे कारण आम्हांस पटले. आणि पटूनही ते सुखाचे वाटले नाही, येथे चित्रपटाचा प्रामाणिकपणा आहे. तिच्या जाण्याने बहिणीच्या आयुष्यात जी पोकळी झाली, तीही चित्रपट लपवीत नाही.

तथापि एका बाबतीत आम्हांस तक्रार नोंदविली पाहिजे. गोदामातले श्रम पुस्तकात अंगावर येतात: सिमेंटच्या फरशीवर मैलोन्‌मैल चालणे, वेदनाशामक गोळ्यांवर रेटलेले दिवस, सत्तरीतल्या माणसांचे सुजलेले सांधे. चित्रपटात तेच गोदाम उजळ, नीटनेटके आणि जवळजवळ मैत्रीचे दिसते. पुढे मावळतीचा प्रकाश, बॅडलँड्सचे खडक आणि आइनौदी यांचा पियानो इतका सुंदर आहे की, वहीतला जमाखर्च प्रेक्षक विसरून जातो. सुटलेल्या घराला सोडलेल्या घराची शोभा येते. दारिद्र्याला क्षितिजाची चौकट लावली की ते स्वातंत्र्यासारखे दिसू लागते, हा धोका कॅमेऱ्याने ओळखावयास हवा होता.

मराठी वाचकाला येथे लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आठवल्यावाचून राहणार नाही. गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव टोपल्या विणीत फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाला घर सोडण्याचा प्रश्नच पडत नाही. सोडावयास ते आधी असावे लागते. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले आणि १९५२ साली तो शिक्का पुसला गेला तरी संशय पुसला गेला नाही. ब्रूडर यांनीही हे हेरले आहे. मोटारीत राहणाऱ्या या माणसांत बहुतेक सारे गोरे का, असा प्रश्न त्या विचारतात. रात्री काचेवर पोलिसाची टकटक झाली तर काळ्या माणसाला किती भय असेल, हे त्या सांगतात. भटकणे हा कोणाचा छंद मानावयाचा आणि कोणाचा गुन्हा, हे शेवटी समाजच ठरवितो. चित्रपटाने हा प्रश्न बाजूस सारला.

आणि घर टाकले तरी जग पत्ता मागतेच. मतदान, वाहन-परवाना, विमा यांसाठी कागदावर एक ठिकाण लागते. म्हणून साउथ डाकोटा, टेक्सास, फ्लोरिडा अशा सोयीच्या राज्यांत हे लोक टपालाचा पत्ता घेतात. सरकारी मोकळ्या जमिनीवर फुकट मुक्काम करावा, तर साधारणपणे १४ दिवसांनी उठावे लागते. क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात थंडीत जमणारी वस्ती ऊन तापू लागताच विरते. यात आजारपण आले तर? चित्रपटातली स्वँकी मरणाची चाहूल लागूनही इस्पितळ नाकारते आणि अलास्काच्या वाटेने निघते. ती गेल्यावर सोबती शेकोटीभोवती जमतात आणि तिच्या नावाने एकेक दगड आगीत टाकतात. शेजार नसलेल्यांनी निर्माण केलेला तो शेजार आहे. या दोन्ही कृतींत आम्हांस सर्वांत दिलासा देणारे काही सापडले असेल, तर ते हेच.

आमच्या वाचकांपैकी मोटारघरात राहावयास जाणारा क्वचितच निघेल. परंतु मुले परदेशी, वाडीतले कौलारू घर म्हाताऱ्या हातांना झेपेनासे झालेले, आणि दाराशी इमारत बांधू इच्छिणारा माणूस आलेला, हा प्रसंग वसईत तरी आता कोणाला अपरिचित नाही. तेथेही वहीत दोन रकाने मांडले जातात. ते अवश्य मांडावेत. परंतु ज्या भिंतीवर मुलांच्या उंचीच्या रेघा आहेत, तिची किंमत कोणत्या रकान्यात लिहावयाची, हे त्या घरातल्या वृद्धांना आधी विचारले जावे. त्यांनी घर सोडले असे पुढे म्हणता यावे. त्यांचे ते सुटले, असे नव्हे.

शेवटी फर्न एम्पायरला परतते. कोठारात जपून ठेवलेले सामान देऊन टाकते, धुळीने भरलेल्या कारखान्यातून आणि रिकाम्या घरातून चालते. मागच्या दारापलीकडे कुंपण नाही. डोंगरापर्यंत उघडे वाळवंट आहे. ती त्या दारातून बाहेर पडते. हे घर पहिल्या वेळी तिचे सुटले होते. या वेळी, आम्हांस वाटते, तिने ते सोडले.