‘पारंपरिक’ म्हणजे कोणाचे?

आज सकाळी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना आम्हाला तीनदा बसावे लागले. वर गिरिजात्मजाच्या त्या बिनखांबी दालनात पोचलो, तर कुणी बाई दर्शन घेता घेता गुणगुणत होत्या. दगडात कोरलेल्या विहारात साधे गुणगुणणेही किती घुमते! आजचा विषय तिथूनच घेऊ.

आमच्या एका विद्यार्थिनीने या लेण्यांवर वीस मिनिटांचा माहितीपट केला. तिची आजी पायऱ्या चढताना एक चाल गुणगुणायची. शब्द विसरलेली, मुखडा तेवढा शाबूत. पोरीने तो मोबाइलवर टिपला होता. गाणे ओळखणाऱ्या यंत्राला ऐकवला, तर त्याने भलतेच सिनेमागीत काढून दिले. मग ती आमच्याकडे आली. आम्ही ऐकताक्षणी म्हटले, “अगं, हा यमन. ‘स्वयंवर’ नाटकातलं ‘नाथ हा माझा’. 1916 चं नाटक, बिनधास्त वापर!”

ओळख बरोबर होती, सल्ला चुकीचा. तिने त्या पदाची कॅसेटच्या जमान्यातली एक ध्वनिमुद्रिका उचलून लावली आणि श्रेयनामावलीत ‘संगीत : पारंपरिक’ असे लिहिले. महिन्याभरात माहितीपटाचा तेवढा भाग मुका झाला. गंमत पाहा, इथे चित्रीकरण करायला तिने पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी काढली होती. दगडाला विचारले, गळ्याला विचारले नाही. आणि तो सल्ला तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केलेल्या माणसाने दिला होता!

आमची चूक कुठे झाली? नैयायिक ज्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात, ‘हा तोच देवदत्त’ अशी ओळख, तिच्यावर आम्ही थांबलो. पण ‘तोच’ म्हणजे नेमके काय तेच? इथे चार वस्तू एकावर एक बसलेल्या आहेत. राग यमन, तो कोणाच्याच मालकीचा नाही. शब्द खाडिलकरांचे, ते 1948 साली गेले. आपल्या कायद्यात हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षे चालतो, म्हणून 2008 अखेर शब्द मोकळे झाले. चाल भास्करबुवा बखल्यांची. ते 1922 सालीच गेले. उरली ध्वनिमुद्रिका. तिची साठ वर्षे प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून वेगळी मोजायची. आम्ही तीन मजले पाहिले आणि चौथ्यावर पोरीला ढकलले.

हाच हिशेब पुढे करून बघा. ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ते 1955 साली वारले, तेव्हा 2016 उजाडताच चाली मोकळ्या झाल्या. 2025 साली ‘संगीत मानापमान’ हा चित्रपट आला तेव्हा ती अडचण उरली नव्हती. ‘कट्यार काळजात घुसली’चे तसे नाही. नाटक 1967 चे, चाली अभिषेकीबुवांच्या, बुवा गेले 1998 मध्ये. म्हणजे 2058 संपेपर्यंत विचारल्यावाचून गत्यंतर नाही. आणि ही पदे ऐकताना तर कानाला सगळे सारखेच ‘जुने’ वाटते!

आता आमची खरी तक्रार. ‘पारंपरिक’ हा शब्द पडद्यावर आदराने येतो, पण पुष्कळदा तो ‘आम्ही शोधले नाही’ एवढेच सांगतो. जुन्या संगीत नाटकांची पुस्तके काढून बघा. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल : अमुक’ असे छापलेले असते. ज्या चीजेवरून उचलले, तिचा मुखडाच तिथे दिलेला. कायद्याने मागितले म्हणून नव्हे, गाणाऱ्याला चाल कळावी म्हणून. पण त्यातून उसनवारीची नोंद आपोआप राहिली. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांचे सहा भाग त्या नोंदीला जोडा. राग धरा, ताल धरा, मुखडा कितव्या मात्रेवर उठतो आणि सम कोणत्या अक्षरावर येते ते पाहा. पुष्कळदा चीज हाती लागते.

नेल्सन गुडमनने 1968 साली लिहिले की एक स्वर चुकला तरी ते वादन त्या कृतीचे राहत नाही. आमच्याकडे दोन गवई एकच बंदिश दोन तऱ्हांनी म्हणतात आणि दोघांनाही दाद मिळते. म्हणून न्यायालयांचीही पंचाईत होते. ‘पोन्नियिन सेल्वन 2’मधल्या गाण्यावरून डागर घराण्याने दावा लावला. मूळ ‘शिवस्तुती’ अडाणा रागातली. एप्रिल 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी श्रेय देण्याचा आणि दोन कोटी रुपये जमा करण्याचा आदेश दिला. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो रद्द केला. गायली म्हणजे रचली असे होत नाही, हा त्यांचा मुद्दा. तर्क निर्दोष आहे. पण ज्या विद्येत रचणारा लिहून ठेवत नाही, शिष्याच्या गळ्यात ठेवतो, तिथे पुरावा आणायचा कुठून? 1994 पूर्वी तर आपल्या कायद्याला संगीतकृती कागदावर उतरलेलीच हवी असे. ती अट गेली, सवय गेली नाही.

असो. माहितीपट आता दुरुस्त झाला आहे. कॅसेट काढली, आजीचेच मोबाइलवरचे गुणगुणणे लावले. गाणाऱ्याचाही हक्क असतो, म्हणून पोरगी कागद घेऊन सहीला गेली. आजी म्हणाली, “मी कुठं गाते? मी तर धाप लागू नये म्हणून म्हणते.” सही मात्र केली. नावांत आता ‘पद : कृ. प्र. खाडिलकर, चाल : भास्करबुवा बखले, आवाज : आजी’ असे येते.