ग्योतोकूत 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना

संपादकांनी या पुरवणीसाठी एखाद्या जुन्या मराठी पुस्तकावर सविस्तर लिहायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझा धंदा सॉफ्टवेअरचा, डॉक्टरेट इंजिनीअरिंगमधली. साहित्याशी संबंध एवढाच, की पुण्याहून येताना लोणची-पापडांच्या सामानात चार पुस्तके हट्टाने बसवून आणतो. पण गेल्या वर्षभरात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी दोनदा वाचली, आणि दुसऱ्यांदा वाचली ती एका निराळ्याच कारणाने. ते कारण सांगितल्याशिवाय पुस्तकाविषयी बोलता येणार नाही. म्हणून आधी थोडे घरचे.

आम्ही राहतो ग्योतोकूला. तोक्योहून तोझाई लाइनने नदी ओलांडली की चिबा प्रांत लागतो. उरायासू, मिनामी-ग्योतोकू आणि मग आमचे स्टेशन. एदोच्या काळी इथे मिठागरे होती. जुन्या वस्तीत अजून पावलापावलावर देवळे आहेत. निशी-कासाईला आपल्या मंडळींची दाटी झाली तशी काही कुटुंबे पुढे सरकत इथवर आली. त्यांतलेच एक कुटुंब माझ्या मित्राचे. गेल्या हिवाळ्यात त्याची बायको गेली. आजार लांबलेला होता, पण ती जाईल असे आम्ही कोणीच धरून चाललो नव्हतो. मुलगा नऊ वर्षांचा.

इथल्या रिवाजाप्रमाणे दहनानंतर दोघांनी मिळून, चॉपस्टिक्सने एकच अस्थी धरून, ती कलशात ठेवायची असते. त्याच्या बरोबरचा दुसरा माणूस मी होतो. घरून कोणी वेळेवर पोचू शकले नव्हते. त्यानंतरचे काही दिवस मी जमेल ते सगळे केले. सिटी ऑफिसचे कागद, बँक, व्हिसा, शाळेला पत्र, अस्थी नाशिकला नेण्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे, या सर्वांची यादी करून त्याला पाठवली. कोणते काम कोणत्या तारखेच्या आत व्हायला हवे तेही लिहिले. तेराव्याच्या सुमारास तो मला म्हणाला, "तिचा फोन नंबर बंद करू की ठेवू?" मी त्याला मासिक भाडे किती पडते ते सांगितले. वर्षाचा आकडाही काढून दिला. तो "बरं" म्हणाला आणि उठून आत गेला.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितले. ती काही बोलली नाही. ती पहिल्या दिवशी पिठले-भात घेऊन गेली होती आणि त्यानंतर रोज संध्याकाळी डबा घेऊन जात होती. तिथे बसून मुलाचा गृहपाठ बघायची, भांडी घासायची, परत यायची. त्या बापलेकांशी ती काय बोलते, असे मी एकदा विचारले. "काही नाही," म्हणाली. त्या रात्री मी 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढले.

आता पुस्तकाकडे वळतो. पण त्याआधी आमच्या स्टेशनची पाटी! तिच्यावर जपानी अक्षरांखाली रोमन लिपीत 'ग्योतोकु' लिहिले आहे. जपानी उच्चार रोमनमध्ये लिहिण्याच्या या पद्धतीला हेपबर्न पद्धत म्हणतात. जेम्स हेपबर्न हे अमेरिकन मिशनरी डॉक्टर 1859 साली पत्नी क्लारा यांच्यासह जपानला आले. तेव्हा त्यांचे वय चव्वेचाळीस. मागे अमेरिकेत त्यांची मुले लहानपणीच वारली होती. वाचलेल्या एका मुलाला तिकडेच ठेवून हे दोघे आले. त्यांनी योकोहामात दवाखाना चालवला, 1867 साली जपानी-इंग्रजी कोश काढला, आणि तेहेतीस वर्षे राहून 1892 साली ते परतले. क्लाराबाई मुलांना शिकवीत. आजचे मेइजी गाकुइन विद्यापीठ आपली सुरुवात त्यांच्या 1863 च्या शाळेपासून मोजते. पण पाटीवरच्या लिपीला नाव मिळाले ते नवऱ्याचे. सेवेसाठी बाहेर पडलेल्या जोडप्यांच्या इतिहासात बहुधा असेच होते. कोश, अहवाल, पदव्या नवऱ्याच्या नावावर राहतात. आल्यागेल्याचे जेवण, आजाऱ्याचे अंथरूण, रडणाऱ्याजवळ बसणे यांची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही.

मराठीत मात्र ती नोंद झाली आहे. 'स्मृतिचित्रे' म्हणजे ती नोंद. पुस्तकाचे चार भाग 1934 ते 1937 या काळात निघाले. पुस्तक निघू लागले तेव्हा लक्ष्मीबाई साठी ओलांडलेल्या होत्या. शाळेचे तोंड न पाहिलेली, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेली ही बाई. 1936 साली त्या गेल्या आणि शेवटचा भाग त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पुरा केला. पुस्तकाची कीर्ती आहे ती मोकळ्या विनोदाची आणि बोलल्यासारख्या भाषेची. आमच्या पिढीतल्या पुष्कळांना आठवतो तो विजया मेहतांचा चित्रपट आणि त्यातल्या सुहास जोशी. पहिल्या वाचनात मीही हसतच होतो. वडिलांचे सोवळे, टिळकांचा विसरभोळेपणा, त्यांचे न सांगता घर सोडून जाणे, हातात पैसा न टिकणे हे सगळे वाचताना बाजूला बसलेली एखादी आजी गोष्टी सांगते आहे असे वाटते.

दुसऱ्या वाचनात मला वेगळेच पुस्तक दिसले. माझे म्हणणे असे, की 'स्मृतिचित्रे' हे दुःखात माणसाला माणसाची सोबत कशी होते याविषयीचे मराठीतले सर्वांत खरे पुस्तक आहे. विनोदाच्या कौतुकात समीक्षकांनी ही बाजू थोडी मागे ठेवली आहे.

पुस्तकाचा कणा पाहा. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा सव्वीस. दत्तूच्या आधीची अपत्ये त्यांनी गमावलेली होती आणि दत्तू लहान होता. नवरा जिवंत आहे, पण जातीच्या हिशेबी मेलेला. या दुःखाला शास्त्रात जागा नाही. सुतक नाही, दहावे-तेरावे नाही, कुंकू पुसायचे नाही आणि मिरवायचेही नाही. मृत्यूचे दुःख समाजाला ओळखता येते. त्यासाठी पिठले-भात येतो, माणसे येऊन बसतात. लक्ष्मीबाईंच्या दुःखाला ठरलेला रिवाजच नव्हता. त्या अवस्थेत जवळजवळ पाच वर्षे गेली.

या काळाच्या वर्णनात कोण उपयोगी पडले ते मी पेन्सिलीने खुणा करीत पाहिले (सवय जात नाही!). उपदेश करणाऱ्यांची उणीव नव्हती. टिळकांवर चिडणारेही पुष्कळ होते. पण आधार मिळाला तो बहीण भिकूताई आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे यांच्यासारख्यांचा. त्यांनी मायलेकरांना घरात घेतले, पंढरपूरला आपल्याबरोबर ठेवले आणि रोजचे दिवस चालू राहू दिले. लक्ष्मीबाई त्यांचे उपकार मोठ्या शब्दांनी सांगत नाहीत. स्वैपाक, प्रवास, भांडणे, रुसवेफुगवे यांच्या ओघातच ते येतात. माझ्या मते ही त्यांच्या लिहिण्याची खरी ताकद आहे. दुःखाला त्या विशेषणे लावत नाहीत. दुःखी माणसाच्या आसपास त्या दिवशी कोण काय करीत होते, एवढेच सांगतात.

टिळकांचे चित्रही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जगाचे अश्रू पुसायला निघालेला हा थोर कवी आपल्याच घरातल्या मोठ्या दुःखाचे कारण झाला होता. लक्ष्मीबाई हे झाकत नाहीत आणि त्याचा सूडही उगवत नाहीत. त्यांना नवऱ्याचे मोठेपण दिसते आणि त्याच पानावर त्याचा तापटपणाही दिसतो. पुढे त्या नगरला टिळकांकडे गेल्या, पण स्वतःचे सोवळे आणि स्वतःची चूल घेऊन. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. माणसामाणसांतले भेद देवाने केलेले नाहीत, हे त्यांच्या मनाने त्यांनाच पटवले आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'पटवणे' हा टिळकांचा हातखंडा. पण बायकोच्या बाबतीत त्यांना वाट पाहावी लागली, आणि या दांपत्याचे पुढचे काम त्या वाट पाहण्यातून उभे राहिले असे मला वाटते.

कारण त्यानंतर त्यांचे घर म्हणजे धर्मशाळाच झाली. दुष्काळात पोरकी झालेली मुले आली, विद्यार्थी आले, आणि त्र्यंबक बापूजी ठोमरे आले. म्हणजे आपले बालकवी. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात या कोवळ्या पोराचे कौतुक झाले आणि पुढे टिळकांच्या नगरच्या घरी ते मुलासारखे राहिले. वडील गेलेले, घरची ओढाताण, मन उदासीकडे झुकणारे. टिळकांनी त्यांच्या कवितेची काळजी घेतली, लक्ष्मीबाईंनी ठोमऱ्यांची घेतली. त्यांच्याशी त्या भांडतात, चिडवतात, जेवायला वाढतात. 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळक गेले. एका वर्षात या घराने मुलगाही गमावला आणि कर्ता पुरुषही. पुस्तक मात्र थांबत नाही. लक्ष्मीबाई पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हाती घेतात. दुःखाचे काय करायचे, याचे उत्तर त्या असे कामातून देतात.

आता दोषांकडे. एक, या पुस्तकात मृत्यू फार चटकन येतात आणि जातात. पहिल्या वाचनात मला ही उणीव वाटली होती. आज तितकीशी वाटत नाही, पण वाचक तिथे क्षणभर अडखळतो हे खरे. दोन, नगरच्या मिशनमध्ये आलेली बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतली होती. ती पुस्तकात येतात ती बहुधा सेवा घेणारी म्हणून. त्यांचे स्वतःचे म्हणणे फारसे ऐकू येत नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतःचे सोवळे ज्या प्रामाणिकपणे तपासले, त्याच नजरेने मिशनच्या अंगणातली उतरंड तपासली असती तर हे पुस्तक आणखी मोठे झाले असते. तीन, टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. नवरा वैराग्याकडे वळतो तेव्हा घरखर्च कोणाच्या जिवावर चालतो, या प्रश्नाची धार मला तिथे अपुरी वाटली. चार, शेवटचा भाग विस्कळित आहे. त्याचे कारण वर आलेच आहे.

पण हे दोष सांगूनही मी म्हणेन, की परदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे पुस्तक जवळ ठेवावे. आपण सगळे प्रश्न सोडवणारी माणसे. तेवढ्यावरच इथे नोकऱ्या मिळाल्या. कुणाच्या घरी मृत्यू झाला, की आपण विमानाची वेळापत्रके बघतो, आणि ते लागतेच. यादी करणे चुकीचे नव्हते. माझ्या मित्राची व्हिसाची मुदत त्या यादीमुळेच चुकली नाही. पण फोन नंबरचा प्रश्न यादीतला नव्हता, हे मला कळले नाही. आमच्या शेजारच्या जपानी आजींना कळले असते. त्या मित्राला भेटायला आल्या, 'कोनो ताबी वा…' एवढेच म्हणाल्या आणि वाक्य अर्ध्यावर सोडून वाकून उभ्या राहिल्या. 'या प्रसंगी…' आणि पुढे काही नाही. जपानीत सांत्वनाचे वाक्य पुरे न करण्याचीच रीत आहे. भिकूताईंना ही रीत शिकवावी लागली नसती.

मुलांना देवनागरी वाचायला जड जात असेल, तर शान्ता गोखले यांनी केलेला संपूर्ण इंग्रजी अनुवाद 2017 साली निघाला आहे, तो द्यावा. मराठीत वाचणाऱ्यांनी संक्षिप्त आवृत्ती घेऊ नये. काटछाट करताना आधी जातात ते घरातले बारीकसारीक प्रसंग, आणि या पुस्तकाचा जीव त्यांतच आहे.

माझी प्रत सध्या माझ्याजवळ नाही. वर्षश्राद्धाच्या आधी मित्राने ती मागून नेली. पेन्सिलीच्या खुणा तशाच आहेत. त्याने त्या पाहिल्या असतील. आम्ही दोघे आता मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच्याकडे जातो. मी मुलाला गणित शिकवतो, बायको आणि तो स्वैपाक करतात. तो नंबर अजून चालू आहे. भाड्याचा विषय मी पुन्हा काढलेला नाही.