वाचकाचा अभिप्राय आणि ग्रंथाची भाषा : काही ग्रंथांच्या निमित्ताने

वाचलेल्या ग्रंथाविषयी निःसंकोच मत देणे ही गोष्ट दिसते तितकी सुलभ नाही. मत निःसंकोच आहे एवढ्याने ते ग्राह्य ठरत नाही. उलट, मत ग्राह्य ठरावे म्हणून संकोच पत्करला तर हाती केवळ प्रशस्ती उरते. पदव्युत्तर वर्गांतील ग्रंथपरीक्षणांत हा दुसरा दोष विशेष आढळतो. ग्रंथकाराचा परिचय, कथानकाचा सारांश, पुरस्कारांची नोंद आणि ग्रंथाने मराठी वाङ्मयात मोलाची भर घातल्याचा निर्वाळा, एवढ्यात परीक्षण आटोपते. परीक्षणकाराला ग्रंथ आवडला की नाही, आणि नावडला तर नेमका कोठे नावडला, हे वाचणाऱ्याला अखेरपर्यंत कळत नाही.

हा प्रश्न एखाद्या विशिष्ट स्थळावरून पाहिल्यास अधिक स्पष्ट होतो. करवीर तालुक्यातील उचगाव हे गाव कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, पुणे-बंगळूर महामार्गालगत वसले आहे. शेजारच्या गांधीनगरात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत व मोठी बाजारपेठ आहे. कन्नड भाषकांचा प्रदेशही दूर नाही. शहरात १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आणि १९६२ साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ आहे. घरी करवीरी बोली बोलणारा आणि वर्गात प्रमाण मराठी लिहिणारा असा एक वाचक या गावी कल्पावा. निरनिराळ्या वाङ्मयप्रकारांतील ग्रंथ ओळीने वाचल्यावर त्याचे स्पष्ट मत काय होईल, आणि त्या मताला समीक्षेत कितपत स्थान द्यावे, एवढाच येथे विचार कर्तव्य आहे.

वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ (१९५९) प्रथम घेऊ. साहित्य अकादमीचा १९६० चा आणि ज्ञानपीठाचा १९७४ चा पुरस्कार लाभलेल्या या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे प्रथमपुरुषी निवेदन करतात. या रचनेतच एक वचन अभिप्रेत आहे : तीन मने, म्हणून तीन वाणी. परंतु निवेदकाचे नाव झाकून एखादा चिंतनपर परिच्छेद वाचला, तर बोलणारा कोण हे पुष्कळदा क्रियापदाच्या लिंगावरूनच ठरवावे लागते. ‘गेलो’ असेल तर ययाति, ‘गेले’ असेल तर दोघींपैकी एक. उपमांची रेलचेल, सुभाषितवजा वाक्ये आणि स्वतःलाच विचारलेल्या प्रश्नांची मालिका तिघांतही समान आहे. उचगावच्या वाचकाला ही लिंगप्रत्ययाची खूणही अपुरी वाटेल. कारण करवीर भागातील पुष्कळ स्त्रिया बोलताना ‘मी आलो’, ‘मी गेलो’ असेच म्हणतात. कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाही. या शेजाराशी त्या लकबीचा संबंध जोडण्याचा मोह होतो. पुरेशा पुराव्यावाचून तो आवरलेला बरा. प्रस्तुत मुद्दा इतकाच की, प्रत्ययाची मदत नसताही बोलणारी व्यक्ती तिच्या वाणीवरून ओळखण्याची सवय या वाचकाला घरातच लागलेली असते. ‘ययाति’त ती सवय उपयोगी पडत नाही, ही त्याची तक्रार रास्त आहे.

यावर असे म्हणता येईल की, पौराणिक विषयाला एकच भारदस्त वाणी शोभते. महाभारतात राजा आणि सूत एकाच संस्कृतात बोलतात. हे खरे आहे. तथापि संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, तर राण्या आणि दासी सामान्यतः प्राकृत बोलतात. म्हणजे पात्रभेदानुसार भाषाभेद असावा ही अपेक्षा पाश्चात्त्य वास्तववादाने प्रथम आणलेली नव्हे. परंपरेत दोन्ही संकेत होते. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मध्येही (१९६७) कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा निवेदक असून वाणी बव्हंशी एकच, ओजस्वी आहे. तेथे ही उणीव कमी जाणवते, कारण सहाही जणांची दृष्टी एकाच पुरुषावर खिळलेली आहे. तरीही कुंतीचा अपराधभाव आणि दुर्योधनाचा अहंकार एकाच अलंकारसंभारात वावरतात. तेव्हा ‘ययाति’ चिंतनप्रधान कादंबरी म्हणून टिकते. तीन स्वतंत्र निवेदकांची कादंबरी म्हणून ती कमी पडते, असा स्पष्ट निर्णय देण्यास हरकत नसावी.

कथेकडे वळल्यास शंकर पाटील यांचा ‘वळीव’ (१९५८) समोर येतो. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही त्यांची वाटणी उचगावच्या वाचकाला स्वतःच्या दिनक्रमासारखीच वाटेल. येथे धोका लेखनाचा नसून श्रवणाचा आहे. व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्याबरोबर पाटील यांनी कथाकथन लोकप्रिय केले, आणि नागर श्रोत्यांना ‘लई’, ‘न्हवं’, ‘व्हय’ हे शब्द कानी पडताच हसू येऊ लागले. बोली म्हणजे विनोद हे समीकरण या हसण्यातून रूढ झाले. पाटील यांच्या गंभीर कथांवर त्यामुळे अन्याय झाला. ज्याची ती घरची बोली आहे, त्याला त्या कथांतील दुःख आधी ऐकू येते. म्हणून या एका बाबतीत त्याचा अभिप्राय अधिक विश्वसनीय मानावा लागेल.

आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’त (१९७१) ही वाटणीच मोडली आहे. नारबा हा शेतगडी सारी कादंबरी आपल्या बोलीत सांगतो. ट्रॅक्टर येतो, जनावरे जातात आणि त्यांच्यासह नारबाचे जगही विस्कटते. निवेदनच बोलीत असल्यामुळे नारबाकडे वरून पाहणारा कोणी उरत नाही, हे या कृतीचे मोठे यश होय. तरीही स्पष्ट सांगावयाचे तर, बोली घरी ऐकणारा वाचकही आरंभीच्या पानांवर अडखळेल. हा दोष कादंबरीचा नव्हे. आपण जे बोलतो ते छापलेले पाहण्याची सवय शाळेने त्याला लावलेली नसते. याच लेखकाच्या ‘झोंबी’ (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीत शिक्षणासाठी बापाशी झगडणारा मुलगा आहे. तेथे अनुभव अस्सल आहे; परंतु मार, उपास आणि काबाडकष्ट यांचे प्रसंग इतक्या वेळा येतात की, पुढे पुढे त्यांची धार कमी होते. आत्मचरित्राला घडलेल्या गोष्टींचा आधार असतो. म्हणून निवडीचे कर्तव्य टळत नाही. साहित्य अकादमीचा २०२३ चा पुरस्कार मिळालेली कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. धरणामुळे उठलेले गाव, मागे राहिलेली म्हैस आणि तिला आणावयास निघालेला माणूस, एवढ्याच सामग्रीवर ती उभी आहे. ‘गोतावळा’त जनावर जाते आणि माणूस मागे राहतो, येथे माणसे जातात आणि जनावर मागे राहते. या उलट्या क्रमाकडे अभ्यासकांनी लक्ष द्यावे.

शेवटी एक शास्त्रीय ग्रंथ : ना. गो. कालेलकर यांचा, साहित्य अकादमीचा १९६७ चा पुरस्कार लाभलेला ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’. शास्त्रीय विषय सुबोध मराठीत मांडता येतो, याची साक्ष तो देतो. तो वाचून उचगावच्या वाचकाला आपली बोली म्हणजे बिघडलेली प्रमाणभाषा नव्हे, हे उमगेल. मात्र त्या बोलीची तपशीलवार नोंद त्याला येथे मिळणार नाही. परिचयपर ग्रंथाकडून ती मागणेही योग्य नव्हे. ते काम विद्यापीठीय विभागांचे आहे.

या ग्रंथांना एकच मोजपट्टी लावता येत नाही, आणि तरीही प्रत्येकाला एकच प्रश्न विचारता येतो : ग्रंथाने आपल्या रचनेतून जे वचन दिले, ते त्याच्या भाषेने पाळले काय? ‘ययाति’कडून बोलीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, पण तीन वाणींची अपेक्षा तिनेच निर्माण केली आहे. ‘झोंबी’कडून चिंतन मागू नये, पण निवड मागावी. वाचकाची नावड या प्रश्नापर्यंत पोचली म्हणजे तिला समीक्षेची योग्यता येते. तोवर ती केवळ नोंद असते. परंतु ती नोंद लपविणाऱ्याला त्या प्रश्नापर्यंत पोचताच येत नाही. म्हणून परीक्षण लिहिताना विद्यार्थ्याने, आपले मन ज्या पानावर प्रथम अडले ते पान आधी सांगावे आणि कारणाचा शोध तेथून सुरू करावा. पुरस्कारांची यादी मागाहून दिली तरी चालेल.