स्वाराविना घोडा

दिवाळी अंकात परीक्षण लिहायचे ते पुस्तकाचे, असा शिरस्ता आहे. यंदा मी तो मोडणार आहे. मला लिहायचे आहे एका मैदानाविषयी आणि ते राखणाऱ्या माणसांविषयी. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या, कादंबऱ्या लिहिणाऱ्या शाळामास्तराने वास्तुकलेत नाक खुपसावे, हे काही जाणकारांना रुचणार नाही. पण इमारतीच्या सावलीतून जाणाऱ्या माणसालाही मत असतेच की!

मुंबईचे ओव्हल मैदान पुष्कळ वाचकांनी पाहिलेले असेल. निदान चर्चगेटहून हायकोर्टाकडे जाताना तुडवलेले तरी असेल. पूर्वेला विद्यापीठ आणि उच्च न्यायालय. किल्ल्याचा तट १८६० नंतर पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर या टोकदार कमानींच्या दगडी इमारती उठल्या. पश्चिमेला १९३० नंतरची, बॅकबेच्या भरणीनंतर उभी राहिलेली सिमेंटची घरे : गोलाई घेतलेल्या गॅलऱ्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे आणि दर्शनी भागावर इमारतीचे नाव मोठ्या ऐटीत. एकीकडे राज्यकर्त्याचा दरारा, दुसरीकडे चार पैसे गाठीला बांधलेल्या नागरिकाची हौस, आणि मध्ये पोरांचे क्रिकेट. संध्याकाळी उन्हे तिरपी झाली, की ती सारी पूर्वेच्या दगडावर पडतात आणि राजाबाई टॉवर क्षणभर सोन्याचा होतो.

गंमत अशी, की १८७८ साली पुऱ्या झालेल्या या टॉवरचा आराखडा ज्याने केला, त्या गिल्बर्ट स्कॉटने मुंबई कधी पाहिलीच नाही. पैसा मात्र इथल्याच प्रेमचंद रायचंदांचा, नाव त्यांच्या मातोश्रींचे. समोरच्या रांगेतील ‘एम्प्रेस कोर्ट’ रचले ते गजानन बाबुराव म्हात्रे यांनी. साठ वर्षांत आराखड्याची पेन्सिल विलायतेतून आपल्या माणसाच्या हातात आली, ही गोष्ट या मैदानाच्या दोन कडांवर लिहिलेली आहे. मराठी वाचकाला म्हात्र्यांचे नाव ठाऊक नसावे, याचे मला वाईट वाटते. कवीचे नाव आपण पाठ करतो. ज्याने आपल्याला राहायला घर दिले, त्याचे विचारीतही नाही.

हे सारे टिकले ते केवळ सरकारच्या कृपेने, असे कोणी समजू नये. १९९५ साली बृहन्मुंबईसाठी वारसा-नियम झाले. शहराने आपल्या इमारती अशा नियमांखाली आणण्याचा देशातला हा पहिलाच प्रयत्न. पण नियम कागदावर असतो. मैदानातला कचरा मैदानातच असतो. १९९० च्या दशकात ओव्हल उकिरड्याच्या वाटेला लागले होते. भोवतालच्या रहिवाशांनी संघटना केली, ते न्यायालयात गेले आणि मैदानाची देखभाल त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. पुढे अशाच नागरिक-संघटनांनी जागतिक वारशाचा प्रस्ताव वर्षानुवर्षे रेटला. ३० जून २०१८ रोजी ओव्हल आणि मरीन ड्राइव्हच्या परिसरातील ९४ इमारती युनेस्कोच्या यादीत गेल्या. खुर्चीवर बसून ‘शहर बिघडले’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी या चिकाटीला नमस्कार केला पाहिजे.

त्यातली मला सर्वांत आवडलेली कृती लहानशी आहे. काळ्या घोड्यावर पूर्वी इंग्लंडचा राजपुत्र बसलेला होता. १९६५ साली तो पुतळा भायखळ्याच्या बागेत गेला. पण लोकांच्या तोंडी चौकाचे नाव ‘काळा घोडा’च राहिले, राजपुत्राची आठवण कोणाला नव्हती. २०१७ मध्ये काळा घोडा असोसिएशनने तिथे नवा घोडा उभारला, तो स्वाराविना. काय राखायचे आणि काय सोडून द्यायचे, याचा इतका अचूक निवाडा क्वचितच होतो. याच संस्थेचा फेब्रुवारीतला उत्सव मला गोंगाटी वाटतो. तिथे इमारतींकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढणाऱ्यांची दाटी फार. तरीही या मंडळींनी वाडियांचे घड्याळ-कारंजे पुन्हा उजळून दिले, तेव्हा गोंगाट माफ आहे.

आता माझी तक्रार. हा निवाडा गिरगावात आणि वरळीत का पोहोचत नाही? जपणुकीची सारी दृष्टी रस्त्यावरून दिसणाऱ्या चेहऱ्यावर खिळलेली आहे, आणि चाळीला चेहरा असा नसतोच. तिचे सौंदर्य आतल्या बाजूला : लांबलचक सामाईक गॅलरीत, जिन्याच्या वळणावर, अंगणात. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तो या अंगणाच्या बळावर. जवळच्या खोताच्या वाडीतली लाकडी जिन्यांची, ओसरीची घरे राखण्यासाठी काही रहिवासी झगडत आहेत. तरी निम्म्याहून अधिक घरे गेलीच.

पण इथे भाबडेपणा उपयोगाचा नाही. बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत राहून सामाईक संडासाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला ‘तुमची चाळ म्हणजे आमचा वारसा’ असे सांगायला जाणारा पाहुणा मला असह्य वाटतो. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांच्या घरी यंदा जो आकाशकंदील लागेल, त्याच्याकडे पाहून हळहळण्याचा हक्क मला नाही.

तक्रार आहे ती एवढीच, की ओव्हलकाठच्या रहिवाशांनी आपले मैदान मागितले तेव्हा त्यांना घर सोडावे लागले नव्हते. चाळकऱ्यापुढे मात्र दोनच गोष्टी ठेवल्या गेल्या : जुनी चाळ किंवा उंच मनोरा. गॅलरी राहील आणि संडास घरात येईल, असा आराखडा करणे म्हात्र्यांच्या वारसदारांना खरोखरच अशक्य आहे काय? गिरगावात अजून काही चाळी उभ्या आहेत. तिथल्या मंडळींच्या सभेत हा प्रश्न निघावा, आणि आराखडा करणाऱ्याने गॅलरीतल्या बाकावर बसून चहा घेत तो ऐकावा.