'पोटभर लेखक' आणि आपण

गेल्या वर्षी गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत उभी असताना एका नव्या मुलीनं मला गाठलं. "ताई, तुम्ही फ्रीलान्स करता ना? मलाही करायचंय. सुरुवात कुठून करू?" पुण्यात ती जाहिरात एजन्सीत कॉपी लिहायची. लग्नानंतर एच-4 व्हिसावर इथे न्यू जर्सीत आली आणि आता तिच्या हातात कामाचा परवाना आला होता. मागे चाळीस माणसं उभी, पुढे मसालेभात संपत आलेला. "घरी ये, तुला एक पुस्तक देते," असं म्हणून मी सुटका करून घेतली.

घरी येऊन ते पुस्तक कपाटातून काढलं, चाळायला बसले आणि प्रश्न पडला, हे असंच्या असं तिच्या हातात द्यावं का?

पुस्तकाचं नाव 'द वेल-फेड रायटर', लेखक पीटर बोवरमन. अटलांटाच्या या गृहस्थांनी 2000 साली ते स्वतःच छापलं. उपाशी कलावंत ही कल्पना त्यांना मान्य नाही. कंपन्यांना माहितीपत्रकं, वार्तापत्रं, जाहिराती, भाषणं सतत लागतात, ती लिहून देणाऱ्याला चांगले पैसे मिळतात, मग कथा-कविता मासिकांना पाठवून नकाराच्या चिठ्ठ्या का गोळा करायच्या, असं त्यांचं म्हणणं. तासाला 50 डॉलर आणि त्याहून जास्त हा त्यांचा हिशोब. पुस्तकाचं उपशीर्षक तर थेट वचनच देतं: सहा महिन्यांत किंवा त्याआधीच आर्थिक स्वावलंबन!

मी ते 2003 साली विकत घेतलं, तेव्हा मी स्वतः एच-4 वर होते. त्या काळी या व्हिसावर एक डॉलरही कमावता येत नसे. काही जोडीदारांना परवानगी मिळू लागली ती 2015 च्या मे महिन्यापासून. पण वाचायला परवाना लागत नाही, म्हणून मी वाचत राहिले. 2006 साली ग्रीन कार्ड आलं आणि दुसऱ्याच सोमवारी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे यादी करून फोन फिरवायला बसले.

इथेच या पुस्तकाशी माझं पहिलं भांडण झालं. अनोळखी माणसाला फोन करणं हा बोवरमन यांच्या पद्धतीचा कणा. शंभर फोन केले तर काही जण हो म्हणणारच, हा सरासरीचा नियम, नकार मनाला लावून घेऊ नका, वगैरे. सगळं खरं. पण लेखनात येण्याआधी या माणसानं पंधरा वर्षं विक्री आणि मार्केटिंगमध्ये काढली होती. ते मोकळेपणानं सांगतात की लेखनाचं शिक्षण नव्हतं, अनुभव नव्हता, तरी जमलं. वाचणाऱ्याला वाटतं, मग मलाही जमेल. माझ्या मते त्यांची खरी शिदोरी लेखन नव्हतीच. 'नाही' ऐकून पुढचा नंबर फिरवणं आणि पैशाचा आकडा आवाज न कापता सांगणं, ही ती शिदोरी, आणि ती बांधायला पंधरा वर्षं लागली होती. सहा महिन्यांच्या हिशोबात ती धरलेली नाही.

माझी शिदोरी निराळी. 'आपण होऊन पैशाचं बोलू नये' या संस्काराच्या घरात मी वाढले. पहिल्या दिवशी अकरा फोन केले. त्यातल्या चौघांना माझं नावच कळलं नाही, एकीनं स्पेलिंग विचारून पुढे "थँक यू, नो" म्हटलं. बाराव्या फोनऐवजी मी चहा केला. पहिलं काम मिळालं ते मुलाच्या दातांच्या डॉक्टरांकडे, खुर्चीजवळ बसून त्यांचं भयंकर माहितीपत्रक वाचताना. तेव्हा या पद्धतीचा माझा अर्थ असा: फोन जरूर करा, पण ज्यांच्या दारात आपण आधीच जातो त्यांना आधी विचारा.

पुस्तकाचा मोठा गुणही मी याच काळात शिकले, आणि तो गुण लहान नाही. आपल्या कामाला किंमत असते आणि ती आपणच सांगायची असते, हे एवढ्या खणखणीतपणे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या मंडळींत तर नाहीच! (संपादक, हे कापू नका.) हॉलचं भाडं आपण देतो. केटररला ॲडव्हान्स देतो. साउंडवाल्याला रात्री अकरा वाजता रोख मोजतो. आणि ज्यानं पोस्टर, तिकिटं, बॅनर, स्मरणिका केली त्याला स्टेजवर बोलावून श्रीफळ. मी अशी नऊ श्रीफळं घेतली आहेत. गणपतीचं पोस्टर मी आजही आनंदानं फुकट करते, ती माझी सेवा. पण "मंडळाचं करतेसच, तर माझ्या रिअल इस्टेटचं ब्रोशरही करून टाक" असं एका स्नेह्यानं म्हटलं, तेव्हा मी पहिल्यांदा आपल्या माणसाला कोटेशन पाठवलं. तीन आठवडे ते बोलले नाहीत. मग चेक आला, सोबत दुसरं काम. धैर्य या पुस्तकानं दिलं होतं, हे मान्य केलंच पाहिजे.

सहा महिन्यांच्या वचनाबद्दल मात्र मी ठाम आहे. मला तीन वर्षं लागली. आणि तीही नवऱ्याच्या पगारावर, नवऱ्याच्या कंपनीच्या आरोग्य विम्यावर. आमच्या ओळखीतला एक अविवाहित मुलगा नोकरी सोडून डिझाइन करू लागला, त्याचा पहिला प्रश्न गिऱ्हाईक नव्हता, विमा होता. 2014 पासून जुन्या आजाराचं कारण देऊन विमा नाकारता येत नाही हे खरं, पण हप्ता आपल्याच खिशातून जातो. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे मिळून 15.3 टक्के आपणच भरायचे, मालकाचा वाटाही आपलाच, कारण मालक आपणच. कर वर्षातून चारदा आगाऊ भरायचा, हे मला पहिल्या एप्रिलमध्ये दंडाच्या पत्रानं शिकवलं.

बुडालेल्या पैशाचंही सांगते. 2011 साली मॅनहॅटनमधल्या एका गिऱ्हाइकानं 4,200 डॉलरचं काम करून घेतलं आणि सात महिने फोन उचलला नाही. कागद काहीच नव्हता, 'विश्वासावर' काम होतं. शेवटी निम्मे मिळाले. न्यूयॉर्क शहरात 2017 च्या मे महिन्यात कायदा आला: 800 डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला लेखी करार हवा, आणि कराराची तारीख नसेल तर काम झाल्यावर 30 दिवसांत पैसे. 2024 च्या ऑगस्टपासून तसाच कायदा सगळ्या न्यूयॉर्क राज्याला लागू झाला. माझ्यासाठी उशीर झाला. त्या दिवसापासून मी निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय फाइल उघडत नाही.

2009 साली या पुस्तकाची नवी आवृत्ती आली. त्यात उपशीर्षकातला 'फ्रीलान्स रायटर' गेला आणि त्या जागी 'कमर्शियल फ्रीलान्सर' आला. मला हा बदल प्रामाणिक वाटतो. हे पुस्तक मुळात लेखकांसाठी नव्हतंच, भाषेचं दुकान चालवणाऱ्यांसाठी होतं. सहा महिने मात्र तसेच राहिले! आज तर दुकानातला बराच माल संगणकच तयार करतो. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आल्यावर साध्या माहितीपत्रकांची माझी कामं कमी झाली. टिकून आहेत ती अशी, जिथे डॉक्टरांसमोर बसून "तुमचे पेशंट घाबरतात ते नेमकं कशाला?" असं विचारावं लागतं. बोवरमन यांच्या यादीतली निम्मी कामं आता खोडावी लागतील, पण गिऱ्हाइकाला आपला मजकूर कसा वाटतो यापेक्षा त्याला काय विकायचंय ते आधी विचारा, हा त्यांचा रोख अजून कामाचा आहे.

शेवटी पुस्तक मी तिला दिलं. उपशीर्षकातल्या 'सहा महिन्यां'वर पेन्सिलीनं काट मारून 'तीन वर्षं' लिहिलं, आणि आतल्या कोऱ्या पानावर चार तारखा लिहिल्या: 15 एप्रिल, 15 जून, 15 सप्टेंबर, 15 जानेवारी. मंडळाच्या पुढच्या पोस्टरचं काम तिला सांगायचं ठरलं आहे. कमिटीशी पैशाचं आधी बोलून घेते.